पिंपात पैसे टाकून वाचवलेली टीम

"सकाळी हे सगळं बघायचं आणि संध्याकाळी मॅचला जाऊन टाळ्या पिटायच्या? मला नाही जमणार ताई, मी आपली हॉटेलवर थांबते." अणुबॉम्बच्या आठवणी जपणाऱ्या हिरोशिमाच्या पीस म्युझियममधून बाहेर आल्यावर ग्रुपमधल्या एक काकू असं म्हणाल्या आणि बघता बघता अर्धा ग्रुप त्यांच्या बाजूनं झाला. मी टूर मॅनेजर आहे, जपानच्या टूर करते, जपानी भाषा पुण्यातच शिकले. म्युझियमनंतर लोक गप्प होतात हे मला माहितीये, तिथल्या बॉम्बमध्ये जळालेल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलसमोर कोणी उभं राहिलं तर मी घाई करत नाही. पण त्या संध्याकाळी कार्प या हिरोशिमाच्या बेसबॉल टीमच्या मॅचची तिकिटं काढलेली होती आणि तिकिटांच्या पैशांपेक्षाही मला वाईट वाटलं ते याचं की ही मंडळी हिरोशिमा अर्धंच बघून परत जाणार.

म्हटलं काकू, थांबायचं तर थांबा हॉटेलवर, जबरदस्ती नाही, पण आधी माझ्याबरोबर फक्त रस्ता ओलांडून चला.

तो बॉम्बचा घुमट आहे ना, बॉम्बनंतर सांगाडा उरलेली इमारत, त्याच्या समोर ट्रामचा रस्ता, आणि पलीकडे आता मोकळं मैदान, हिरवळ, खाण्यापिण्याची दुकानं असं सगळं केलंय. तिथं १९५७ पासून २००८ च्या मोसमापर्यंत हिरोशिमा कार्पचं स्टेडियम होतं. म्हणजे पन्नास वर्षं रस्त्याच्या एका बाजूला तो सांगाडा आणि दुसऱ्या बाजूला दिवे लावून चाललेली मॅच, हजारो लोक ओरडतायत. हे मी सांगितलं तेव्हा काकूंनी मागे वळून घुमटाकडे पाहिलं, अंतर किती ते त्यांनाच दिसलं.

मग तिथंच हिरवळीवर बसवून सगळं सांगितलं. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला, वर्ष संपेपर्यंत साधारण १ लाख ४० हजार माणसं गेली. आणि १९४९ च्या डिसेंबरात, चार वर्षांत, या गावानं बेसबॉलची प्रोफेशनल टीम काढली. बाकीच्या टीम बघा, जायंट्सच्या मागे योमिउरी पेपर, टायगर्सच्या मागे हानशिन रेल्वे, कोणाच्या मागे फिल्म कंपनी. कार्पच्या मागे कोणीच नाही. जिल्ह्याचे, नगरपालिकेचे आणि लोकांचे पैसे. नाव ठेवलं तेही गावच्या किल्ल्यावरून, त्याला कार्प माशाचा किल्ला म्हणायचे, आणि तो किल्ला तर बॉम्बमध्ये पडला होता, नाव ठेवलं तेव्हा किल्ला जागेवर नव्हताच.

पहिल्याच मोसमात, १९५० ला, ४१ मॅच जिंकल्या आणि ९६ हरल्या, शेवटचा नंबर. १९५१ मध्ये खेळाडूंचे पगार थकले, टीम बंद करायची नाहीतर शिमोनोसेकीच्या ताइयो व्हेल्स टीममध्ये विलीन करायची असं ठरत आलं होतं. तेव्हा मॅनेजर (बेसबॉलमध्ये टीमच्या मुख्य कोचला मॅनेजर म्हणतात) शुइची इशिमोतो, हा हिरोशिमाचाच माणूस, मॅनेजरचं काम टाकून गावोगाव पैसे मागत फिरला, आणि ग्राउंडच्या दारात साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, लाकडी पिंपं ठेवली. येता-जाता लोक त्यात पैसे टाकायचे. ज्यांची स्वतःची घरं अजून पत्र्याफळ्यांची होती असे लोक. टीम वाचली ती त्या पैशांवर.

आमच्यात प्रवरानगरकडचे एक काका होते, साखर कारखान्यातून रिटायर झालेले. ते एकदम म्हणाले, "अहो मग हे तर आमच्या कारखान्यासारखंच झालं की, तोही १९५० चाच, शेतकऱ्यांनी शेअर घेऊन उभा केलेला." मला हे आधी कधी सुचलं नव्हतं, पण अगदी बरोबर होतं. तरी मी त्यांना पुढचंही सांगितलं, कारण अर्धवट सांगणं बरं नाही. कागदावर कार्प आज सहकारी वगैरे नाहीये, बरेचसे शेअर माझदा या कार कंपनीच्या संस्थापकांच्या मात्सुदा कुटुंबाकडे आणि साधारण एक तृतीयांश माझदाकडे, टीमच्या पूर्ण नावात जो तोयो आहे तो माझदाच्या जुन्या कंपनीच्या नावातला, १९६८ पासूनचा. पण ही कंपनी टीमवर पैसा ओतत नाही, त्यामुळे मोठ्या खेळाडूंच्या बोलीत कार्प उतरत नाही, पोरं घडवते, आणि घडलेली पोरं मोठ्या टीम नाहीतर अमेरिकेतल्या टीम घेऊन जातात. गाव दर वेळी हळहळतं आणि परत नव्या पोरांच्या मागे उभं राहतं. म्हणून तर हिरोकी कुरोदा २०१५ ला अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या ऑफर सोडून परत आला आणि २०१६ ला २५ वर्षांनी लीग जिंकली तेव्हा गाव वेडं झालं होतं.

काकू काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी लॉबीत तयार होऊन उभ्या होत्या.

स्टेशनपासून नवीन स्टेडियम चालत दहाएक मिनिटं. त्या रस्त्यावर लाल रंगाशिवाय काही दिसत नाही, आजीबाई लाल जर्सीत, ऑफिसातून थेट आलेला माणूस शर्टावर जर्सी चढवतोय, बाबागाडीतल्या बाळाला पण लाल टोपी. हा लाल रंग सुद्धा १९७५ चा. आधीची तीन वर्षं ओळीनं शेवटचा नंबर होता, मग जो लुट्झ नावाचा अमेरिकन मॅनेजर आला, त्यानं टोप्या लाल केल्या, जिद्दीचा रंग म्हणून. अंपायरशी वाद होऊन तो महिनाभरात सोडून पण गेला, ताकेशी कोबानं टीम हातात घेतली, आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला टोकियोत जायंट्सच्याच ग्राउंडवर कार्पनं पहिली लीग जिंकली. गावचा पोरगा कोजी यामामोतो आणि क्योतोहून आलेला साचिओ किनुगासा, हे दोघं त्या टीमचे आधारस्तंभ. किनुगासाचे वडील कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक, आणि ज्या गावावर अमेरिकेनं बॉम्ब टाकला त्या गावानं या माणसाला डोक्यावर घेतलं. २,२१५ मॅच सलग खेळला तो. १९७९ ला बॉल लागून खांद्याचं हाड मोडलं, दुसऱ्या दिवशी बॅट घेऊन आला, तीन वेळा पूर्ण ताकदीनं फिरवली, तिन्ही वेळा बॉल हुकला आणि आउट झाला. हे मला कितीही वेळा सांगितलं तरी भरून येतं. त्याच्या जर्सीचा ३ नंबर आता कोणाला देत नाहीत.

मॅच योकोहामाशी होती. आमच्या शेजारच्या सीटवर ऐंशीच्या पुढचे एक आजोबा, एकटेच, मांडीवर उदोन नूडल्सचा वाडगा, हातात पेन्सिल, प्रत्येक बॉलची नोंद वहीत करतायत. काकांनी मला पिंपाचं विचारायला लावलं. आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, वडिलांचा हात धरून जायचो, ग्राउंडच्या दारात वडील मला उचलून घ्यायचे आणि पैसे माझ्या हातानं टाकायला लावायचे. मग समोर निळ्या कपड्यातल्या टीमकडे बोट दाखवून म्हणाले, यांच्यातच आम्हाला मिसळणार होते. ताइयो व्हेल्स म्हणजेच आजची योकोहामाची टीम! मला माहिती होतं, पण त्या माणसाच्या तोंडून, मॅच चालू असताना ऐकलं आणि अंगावर काटा आला.

मग काकूंनी सकाळचाच प्रश्न विचारला, मला म्हणाल्या, नीट विचार हं, त्यांना वाईट वाटेल असं नको. ६ ऑगस्टला काय करता? आजोबा म्हणाले, पूर्वी त्या तारखेला इथं मॅच नसायची, २०११ ला ५३ वर्षांनी पहिल्यांदा झाली. २०१५ ला तर सगळ्या खेळाडूंच्या पाठीवर एकच नंबर होता, ८६, म्हणजे आठवा महिना, सहा तारीख. मी सकाळी आत्याच्या नावानं पार्कात फुलं वाहतो आणि मॅच असली तर संध्याकाळी इथं येतो, ती दोन्ही कामं माझी आहेत. काकूंनी त्यांना हात जोडून नमस्कार केला आणि पिशवीतला चिवडा पुढे केला, तो त्यांनी उदोनवर घालून खाल्ला.

कार्पची बॅटिंग आली की तिथले लोक एक गट उभा एक गट बसलेला असं आलटून पालटून ओरडतात, गुडघ्यांची वाट लागते, तरी आमचा अख्खा ग्रुप करत होता, काकू सुद्धा. मॅच कार्प हरली. आजोबा रिलीफ पिचरवर, म्हणजे नंतर बदली आलेल्या बॉलरवर, तणतणत उठले, वही बॅगेत टाकली, आणि उद्याच्या मॅचचं तिकीट काढून आम्हाला दाखवलं.

आता मी प्रत्येक ग्रुपला म्युझियमनंतर त्या रस्त्यापलीकडे नेते, मॅच असो नसो.