दुपारी मान टाकणारं झाड

दुपारी दोन वाजता कुंडीतल्या झाडाकडे बघू नये. मोठ्या, पातळ पानांचं असेल तर अजिबातच नाही. सकाळी भरपूर पाणी घातलेलं असतं, माती अजून ओली असते, तरी सगळी पानं अशी लोंबत असतात की बघणाऱ्यालाच अपराधी वाटावं. हात आपोआप झारीकडे जातो. आणि ऊन उतरलं की तेच झाड ताठ उभं, जणू काही झालंच नव्हतं. मधल्या वेळात त्याला कुणी थेंबभरही पाणी दिलेलं नसतं.

हिशेब तसा साधा आहे. भर उन्हात पानांतून पाणी ज्या वेगानं उडून जातं, त्या वेगानं मुळं ते पुरवू शकत नाहीत. ऊन कललं की खर्च कमी होतो आणि मुळं राहिलेली तूट भरून काढतात. मोठमोठे वृक्षही यातून सुटत नाहीत, फक्त ते मान टाकून दाखवत नाहीत. त्यांचं खोड दिवसा किंचित बारीक होतं आणि रात्री पुन्हा भरतं. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पण खोडाला नाजूक मोजयंत्र लावलं की रोजच्या रोज नोंदवता येतो.

मला नवल वाटतं ते उधळपट्टीचं. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त पाणी झाड वाफ करून हवेत सोडून देतं. अन्न बनवायला कार्बन डायऑक्साइड हवा, तो आत घ्यायला पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रं, उघडावी लागतात, आणि ती उघडली की आतला ओलावा बाहेर पडणारच. बहुतेक झाडांना कार्बन डायऑक्साइडच्या एकेका रेणूमागे पाण्याचे काहीशे रेणू गमवावे लागतात. अशा भावानं व्यवहार करणाऱ्या दुकानदाराचं दिवाळं आठवडाभरात वाजलं असतं.

पण झाडाचं सगळं पाणी चढतं ते या उधळपट्टीच्याच जोरावर. वरून हवा शोषून घेणारा पंप पाणी जास्तीत जास्त १० मीटर उचलू शकतो, कारण खालून ढकलणाऱ्या हवेच्या दाबाची ताकदच तेवढी. कॅलिफोर्नियातला 'हायपेरियन' नावाचा रेडवुड वृक्ष मात्र ११५ मीटरहून उंच आहे आणि त्याच्या शेंड्याची पानंही हिरवीगार आहेत. मुळं खालून थोडा दाब देतात, हे खरं. पहाटे काही झाडांच्या पानांच्या कडेला ओळीनं थेंब दिसतात, आपण त्यांना दव समजतो, ते बऱ्याचदा या दाबाचं काम असतं. पण हा दाब शंभर मीटरला पुरत नाही, आणि कोरड्या दुपारी, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, तो नसतोच.

मग खोडातल्या जिवंत पेशी पाणी चढवत असतील का? जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ट श्ट्रासबुर्गर यांनी १८९१ च्या सुमारास कापलेल्या झाडांचे बुंधे विषारी द्रावणात उभे केले. विष वर चढत गेलं, वाटेतल्या पेशी मारत गेलं, तरी चढणं थांबलं नाही. पानं मेल्यावरच ते थांबलं. पुढे १९२३ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी पेशींच्या स्पंदनांनी पाणी चढतं असं हिरिरीनं मांडलं. मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटते, झाडाला हृदयासारखं काही असावं ही कल्पना कुणाला आवडणार नाही? पण पुरावे दुसऱ्या बाजूला गेले. पाणी वाहून नेणाऱ्या जलवाहिन्या मुळातच मृत पेशींच्या पोकळ नळ्या असतात.

मग पाणी चढतं कसं, याचं उत्तर १८९४ मध्ये दिलं ते डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली या संशोधक जोडीनं. पानातल्या ओल्या पेशीभित्तिकांवरून पाणी उडतं, तिथल्या सूक्ष्म छिद्रांत उरलेलं पाणी आत ओढलं जातं, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ही ओढ थेट मुळांपर्यंत पोचते. म्हणजे झाडातलं पाणी ढकललेलं नसतं, ताणलेलं असतं. द्रव ताणला जाऊ शकतो हे अनेकांना पटेना. १९६५ मध्ये पेर शोलांडर आणि सहकाऱ्यांनी तो ताण मोजून दाखवला. डहाळी बंद भांड्यात ठेवायची, कापलेलं टोक बाहेर काढायचं आणि आत वायूचा दाब वाढवत न्यायचा. टोकाशी रस दिसू लागला की तेवढाच त्या डहाळीतला ताण. उंच झाडांच्या शेंड्यावरच्या डहाळ्या त्यांनी बंदुकीनं पाडल्या. शास्त्रज्ञांच्या या असल्या उद्योगांवर माझा फार जीव आहे.

ताणलेलं म्हटलं की तुटणं आलं. माती सुकत गेली की ओढ वाढते, आणि एका क्षणी नळीत हवा शिरून पाण्याचा धागा तुटतो. त्या नळीचं काम तिथंच बंद पडतं. १९६६ मध्ये मिलबर्न आणि जॉन्सन या संशोधकांनी एरंडाच्या पानांतून येणारे असे 'टक्' आवाज टिपले होते. २०२३ मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी पाण्यावाचून ठेवलेल्या टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांचे तासाला ३० ते ५० टकटकाट नोंदवले. ते आपल्या कानांच्या टप्प्याबाहेरचे असतात. लगेच 'झाडं किंचाळतात' अशा बातम्या झळकल्या. बहुधा नळ्यांत होणाऱ्या बुडबुड्यांना किंचाळी म्हणणं मला तरी चढवून सांगणं वाटतं.

नळ्या वाचवायच्या तर पर्णरंध्रं मिटायला हवीत. कोरड पडू लागली की झाडात ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं, रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशी पोटॅशियम सोडतात, त्यामागोमाग पाणी सोडून ढिल्या पडतात आणि रंध्र बंद होतं. तहान आवरली, पण आता उपासमार. निवडुंगानं रात्रीच रंध्रं उघडून हा पेच चतुराईनं सोडवला, त्याची किंमत म्हणून तो सावकाश वाढतो. बाकीच्यांना निवड करावी लागते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात २००२-०३ च्या दुष्काळात लवकर रंध्रं मिटणारे पिन्यन पाइन लाखोंनी मेले. शेजारचे जुनिपर वृक्ष रंध्रं उघडी ठेवून बहुतांशी तगले. पाइन उपासानं गेले, तहानेनं की अशक्त खोडावर तुटून पडलेल्या किड्यांनी, यावर अजून वाद चालतो.

माझ्या डोक्यातून न जाणारी गोष्ट मात्र वेगळीच. २०१२ मध्ये जगभरातल्या २२६ वृक्षजातींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के जाती नळ्या निकामी होण्याच्या अगदी जवळ जगतात असं दिसलं, आणि त्यात बारमाही पावसाच्या जंगलांतली झाडंही होती. इतकं पाणी असूनही ही झाडं हात राखून का राहत नाहीत? कारण नळी अरुंद केली की प्रवाह फार घटतो, व्यास निम्मा तर प्रवाह सोळावा हिस्सा. रुंद नळ्यांचा शेजारी भराभर वाढून वरचं ऊन अडवतो, आणि जपून राहिलेलं झाड चांगल्या पावसाच्या वर्षीही त्याच्या सावलीत खुरटतं.