एसओएस, क्रॉनिक आणि आईच्या किडन्या (माझा अनुभव)

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं आणि हातात चार पानांची डिस्चार्ज समरी दिली. ऑपरेशनला घाबरलो नव्हतो तेवढा त्या चार पानांना घाबरलो.

पहिला घोळ गोळ्यांचा. दुखण्याच्या गोळीपुढे एसओएस लिहिलेलं. बाबांनी सरळ अर्थ लावला की जीवावर बेतलं तरच द्यायची, त्यामुळे आई दोन रात्री पोट धरून कण्हतेय आणि गोळ्यांचं पाकीट तसंच बंद! तिसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा कळलं, बुडत्या जहाजाशी काही संबंध नाही, लॅटिनमधलं सी ओपुस सित, म्हणजे गरज वाटली तर घ्या. (दिवसात जास्तीत जास्त किती चालतील ते तेव्हाच विचारून घेतलं.)

मग मी कागद घेऊन बसलोच. बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस म्हणजे झोपताना. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण बाबांच्या चष्म्याच्या कागदावर तेच ओडी उजव्या डोळ्यासाठी होतं, आता बोला. पहिल्याच पानावर के/सी/ओ एचटीएन दिसल्यावर दादा म्हणाला हा कुठला नवीन आजार काढला आता, तर ते नोन केस ऑफ हायपरटेन्शन, म्हणजे आईचं जुनंच बीपी, ज्याची गोळी ती कित्येक वर्षं घेतेय.

मोठे शब्द उलट सोपे निघाले कारण ते फोडता येतात. कोलेसिस्टेक्टॉमी बघून छातीत धस्स होतं पण कोले म्हणजे पित्त, सिस्ट पिशवी, एक्टॉमी कापून काढणं, झालं. शेवटी आयटिस आलं की सूज, लिथ दिसलं की खडा. ओमाने मात्र फसवलं. मी धरून चाललो होतो की ओमा म्हणजे ट्यूमरच, आणि टाक्याजवळ छोटा हेमॅटोमा लिहिलेला, म्हणजे नुसतं साकळलेलं रक्त.

आठवड्याने काढलेल्या पिशवीचा तपासणी रिपोर्ट आला तो दादाने जिन्यातच उघडला आणि तिथेच बसला. क्रॉनिक कोलेसिस्टायटिस, आणि खालच्या ओळीत मॅलिग्नन्सी. मॅलिग्नन्सी म्हणजे कॅन्सर हे त्याला माहीत होतं, पण त्याच ओळीत आधी नो एव्हिडन्स ऑफ आहे हे डोळ्यांना दिसलंच नाही, मी दोनदा बोट ठेवून वाचून दाखवलं तेव्हा कुठे त्याचा श्वास खाली बसला. तरी क्रॉनिकवर अडला, म्हणजे खूप वाढलंय ना? नाही रे, क्रॉनिक म्हणजे बरेच दिवसांचं, अक्यूट म्हणजे अचानक उठलेलं, दोन्हीत गंभीर किती ते सांगितलेलंच नसतं. सर्दीपण अक्यूट असते. आपण बोलताना क्रॉनिक हा शब्द "हाताबाहेर गेलंय" अशा अर्थाने वापरतो, तिथेच गल्लत होते असं मला वाटतं.

आणि निगेटिव्ह! बाबांनी सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगितलं की रिपोर्ट निगेटिव्ह आलाय, तर निम्म्यांनी सुस्कारा सोडला आणि निम्म्यांनी धीर द्यायला सुरुवात केली, मावशी तर रडायलाच लागली. शोधत होते ते सापडलं नाही एवढाच त्याचा अर्थ हे मला परत सगळ्यांना फोन करून सांगावं लागलं.

फॉलोअपला डॉक्टरांना मी रिपोर्टमधल्या इम्प्रेशनच्या (म्हणजे निष्कर्षाच्या) ओळीवर बोट ठेवून विचारलं, साध्या भाषेत सांगा ना, तर त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, पण तेव्हा आपण अडाणी दिसू म्हणून सगळे नुसती मान हलवत होतो.

आईला सगळं पटलं, फक्त सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांपुढे अनरिमार्केबल लिहिलंय ते नाही. मी म्हटलं अगं चांगलं आहे, वेगळं काही दिसलं नाही, नॉर्मल आहेत. तर म्हणे, "एवढी वर्षं बिचाऱ्या राबतायत, आणि हा म्हणतो काही विशेष नाही."