तुम्ही विचारलंत म्हणून: तान्ह्याला झोपवायचं कसं?

ओळखीत कुणी बाळंत झालं की फोन येतोच: "काकू, बाळ दिवसभर झोपतं आणि रात्री टक्क जागं. तुमच्याकडे काय करायचे?"

नवं बाळ दिवसाकाठी १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यानं. दर दोन-तीन तासांनी त्याला दूध लागतं आणि दिवस-रात्रीचा फरक कळायला काही आठवडे जातात. रात्री उठणं हा आजार नव्हे. उलट दुधासाठीही जागं होईना किंवा अंग तापलं, तर लगेच डॉक्टर गाठायचा.

आमच्याकडे सगळी भिस्त मालीश आणि अंघोळीवर. बाळंतिणीची बाई पाय पसरून पाटावर बसायची, बाळाला नडग्यांवर घ्यायची, कोमट खोबरेल तेल छाती, पाठ, पोटऱ्या असं जिरवायची. मग कोमट पाणी, टिपून कोरडं करणं, जुन्या धोतराच्या मऊ कापडात गुंडाळणं आणि लगेच दूध. त्यानंतरची झोप सगळ्यात गाढ. रोज तीच वेळ, तोच क्रम, तेच हात. संध्याकाळी दिवा मंद करून नुसता तेलाचा हात फिरवला, तरी बाळ निवतं. गुंडाळताना कमरेखाली सैल ठेवा, पाय हलले पाहिजेत. कुशीवर वळायला लागलं की गुंडाळणं बंद.

झोळी मला फार प्रिय. मऊ लुगड्याची झोळी आणि आजीची अंगाई यांनी आमच्या घरातली सगळी मुलं शांत केली. पण झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीवर येते, श्वास अडू शकतो. म्हणून जवळ बसून झोके द्या आणि डोळा लागला की सपाट, घट्ट गादीवर उताणं ठेवा. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, ती नको. ओवा-वावडिंगाची धुरी नको, तान्ह्या छातीला धूर सोसत नाही. झोपेसाठी जायफळ उगाळून तर मुळीच नको. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. झोप आणणाऱ्या चाटणाची मला धास्ती वाटते. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत गिरणीकामगार बायका कामावर जाताना बाळांना अफूची 'बाळागोळी' देत. त्यांच्यामागे घरी मूल सांभाळायला कुणी नसायचं.

सव्वा महिन्याच्या चालीतलं मोल मला इथेच दिसतं. बाळंतीण फक्त पाजायची. ढेकर काढणं, दुपटं बदलणं, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणं हे सासूबाई, आई, नणंद यांच्याकडे. आता पुण्यात काय, परदेशात काय, घरात दोघंच असतात. मग ते काम बाळाच्या बाबांचं. रात्री दोनचं दूध झालं की बाळ त्यांच्या खांद्यावर द्या आणि तुम्ही कूस बदलून झोपा.