पावायच्या चर्चचे चोवीस टेकू

फिलिपिन्सच्या लुझोन बेटाच्या उत्तर टोकाकडे इलोकोस नॉर्ते नावाचा प्रांत आहे. त्यातल्या लावाग शहरापासून साधारण वीस किलोमीटरवर पावाय हे गाव लागतं. गावात हिरवळीचं मोठं मैदान आहे आणि मैदानात सान आगुस्तिनचं चर्च. येणारे बहुतेक जण समोर उभे राहतात, फोटो काढतात, आत एक चक्कर मारतात आणि निघतात. माझं सांगणं असं, की समोर थांबूच नका. थेट बाजूला जा.

बाजूच्या भिंतीला लागून एकामागे एक प्रचंड टेकूभिंती उभ्या आहेत. बट्रेस म्हणतात ते हेच. खाली रुंद, वर निमुळते होत गेलेले, आणि कडेला शंखासारखं मोठं वळण घेतलेले. बाजूचे आणि मागचे धरून असे एकूण चोवीस. मुख्य भिंतीची जाडी १.६७ मीटर आहे, म्हणजे माणूस आडवा झोपला तर जवळपास तेवढीच लांबी. एवढी जाड भिंत असूनही बांधणाऱ्यांना ती पुरेशी वाटली नाही, म्हणून त्यांनी तिला बाहेरून हे टेकू दिले.

मी जुन्या दगडी इमारतींच्या मजबुतीकरणाचं काम करते. भिंत दिसली की ती कुठल्या बाजूला पडेल हा विचार माझ्या मनात सगळ्यात आधी येतो. लांबलचक, मध्ये आडवी भिंत नसलेली भिंत भूकंपात तिच्या लांबीच्या दिशेने सहसा पडत नाही. ती पडते बाहेर, पुठ्ठा आडवा व्हावा तशी. चर्चचा सभामंडप म्हणजे अशाच दोन लांब भिंती, मधली जागा पूर्ण मोकळी आणि वर छप्पर. धक्का आडवा आला की दोन्ही भिंती एकमेकींपासून फाकू पाहतात. ठरावीक अंतरावर बाहेरून बट्रेस दिला की लांब भिंतीचे लहान लहान तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला रुंद पाया मिळतो. पावायचे बट्रेस खाली इतके पसरलेले आहेत की त्यांचं वजन जमिनीलगतच राहतं. उलथायला जागाच ठेवलेली नाही.

या शैलीला ‘अर्थक्वेक बरोक’ म्हणतात. बरोक म्हणजे युरोपातली भरगच्च नक्षीची शैली. स्पेनमधून आलेली बरोकची नक्षी, पण अंगकाठी भूकंपाने ठरवलेली. पावायच्या दर्शनी भिंतीवरचे टोकदार कळस आणि पायऱ्यापायऱ्यांचे बट्रेस पाहून अनेकांना जावामधल्या बोरोबुदुर या प्राचीन बौद्ध स्तूपाची आठवण येते. दिसायला साम्य आहे, ते मी नाकारत नाही. पण इथे आकार कुठून आला याचं उत्तर शोधायला जावापर्यंत जायची गरज मला वाटत नाही. जमीन हलते, आणि हाताशी पोलाद नाही. अशा वेळी भिंत उभी ठेवायची तर ती बसकी आणि पायाशी रुंद करावी लागते. बोरोबुदुरही बसकं आणि पायाशी रुंद आहेच.

चर्चचं काम १६९४ साली फ्राय अंतोनियो एस्ताविलो या ऑगस्टिनियन पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूच्या देखरेखीखाली सुरू झालं आणि १७१० मध्ये पूर्ण झालं. भिंतीजवळ गेलात की दिसतं, खालच्या भागात प्रवाळाच्या दगडाचे मोठे चिरे आहेत आणि वरच्या भागात वीट. समुद्र जवळ, त्यामुळे प्रवाळाचा दगड हाताशी होता. तो सच्छिद्र असतो आणि काढल्या काढल्या घडवायला सोपा जातो. वर मात्र एका हाताने उचलता येईल अशी वीट. परांचीवर उभं राहून काम करणाऱ्या गवंड्याच्या बाजूने विचार केला तर हा हिशेब लगेच पटतो. छप्पर दगडी कमानीचं नाही, लाकडी कैच्यांवरचं, म्हणजे त्रिकोणी चौकटींवरचं आहे. डोक्यावरचं वजन कमी, म्हणजे भूकंपाचा हिसकाही कमी. बट्रेसइतकाच हा निर्णयही महत्त्वाचा होता, पण तो बाहेरून दिसत नाही म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, मसाला. वाळू आणि चुना यांत उसाचा रस मिसळलेला, आणि तो रस आंब्याची पानं, चामडं आणि भाताचा पेंढा घालून उकळलेला. आपल्याकडच्या जुन्या बांधकामातला गूळ घातलेला चुना माहीत असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो आणि मसाला लोण्यासारखा पसरतो. चामडं उकळलं की त्यातून सरस उतरतो. आंब्याच्या पानांत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. पेंढ्याचे तंतू मसाला सुकताना पडणाऱ्या बारीक भेगा धरून ठेवतात. हे कोणत्या प्रयोगशाळेत ठरलं नव्हतं. ऊस, आंबा आणि भात ही तिथल्या शेतातलीच पिकं.

चुन्याचा मसाला सिमेंटपेक्षा मऊ असतो, आणि हा त्याचा दोष नाही. धक्का बसला की भेग दगडातून न जाता सांध्यातून जाते. सांधा थोडा सरकतो, घर्षणात बरीच ऊर्जा खपते. पुढे पावसाचं पाणी बारीक भेगेतून झिरपताना थोडा चुना विरघळवून नेतं आणि तो भेगेतच पुन्हा जमतो. लहानसहान भेगा अशा कालांतराने आपोआप भरतात. १८६५ आणि १८८५ च्या भूकंपांनी या चर्चच्या काही भागांचं नुकसान केलं, दुरुस्त्या झाल्या, पण इमारत राहिली.

उसाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकते. इलोकोसमध्ये उसाच्या रसापासून ‘बासी’ नावाची दारू करतात. १७८६ मध्ये स्पॅनिश सरकारने तिच्यावर मक्तेदारी लादली आणि लोकांना घरी बासी काढायला बंदी केली. त्यातून १८०७ मध्ये याच प्रांतातल्या पिद्दिग गावातून बंड उठलं आणि ते मोडून काढण्यात आलं. ज्या उसाने चर्चची भिंत बांधली गेली, त्याच उसासाठी माणसं लढली.

आणि भिंत कोणी बांधली? कागदपत्रांत धर्मगुरूंची नावं मिळतात, चिरे वाहणाऱ्यांची मिळत नाहीत. स्पॅनिश राजवटीत ‘पोलो’ नावाची वेठ होती. सोळा ते साठ वयाच्या स्थानिक पुरुषाला वर्षातले चाळीस दिवस सरकार सांगेल ते काम करावं लागे : जंगलतोड, जहाजबांधणी, रस्ते, पूल, चर्च. पैसे भरू शकणाऱ्याला सूट मिळे, गावच्या मुख्य घराण्यांना ती अशीच असे. शेवटी १८८४ मध्ये हे चाळीस दिवस पंधरावर आले. बट्रेसचं कौतुक करताना मला हे विसरता येत नाही, आणि विसरावं असं वाटतही नाही. चिरा घासून बसवण्यातलं कसब त्या माणसांचं होतं. वेठीने आलेला माणूससुद्धा इतका नीट सांधा बसवून जातो, हे पाहून मला त्यांच्याबद्दल अपार आदर वाटतो.

चर्चच्या उजव्या अंगाला, पण बरंच अंतर सोडून, प्रवाळाच्या दगडाचा तीन मजली घंटाघराचा मनोरा आहे. त्याची पायाभरणी १७९३ ची. अंतर सोडण्याचं कारण उघड आहे : मनोरा पडला तर तो चर्चवर पडू नये. उंच, सडपातळ मनोरा आणि बसकं चर्च भूकंपात वेगवेगळ्या लयीत हलतात, त्यांना जोडलं तर ते एकमेकांना ठोकरतात. इलोकोसमध्ये मनोऱ्यांचा अनुभव वाईटच आहे. जवळच्या बाकार्राच्या मनोऱ्याचा घुमट १९३१ च्या भूकंपात कलला आणि पुढच्या एका भूकंपात गेलाच. जुलै २०२२ मध्ये आब्रा प्रांतात मोठा भूकंप झाला तेव्हा दक्षिणेकडच्या बांताय गावच्या मनोऱ्याच्या विटा ढासळताना सगळ्या जगाने व्हिडिओत पाहिल्या. पावायचा मनोरा १८९८ मध्ये स्पॅनिशांविरुद्ध लढणाऱ्या क्रांतिकारकांनी आणि दुसऱ्या महायुद्धात जपान्यांविरुद्धच्या गनिमांनी टेहळणीसाठी वापरला. गावातले लोक आणखी एक सांगतात, की बड्या घराण्यातलं लग्न असलं की घंटा जोरात आणि जास्त वेळा वाजायची, गरिबाच्या लग्नाला थोडक्यात आटपायची.

पावाय नीट समजून घ्यायचं तर त्यासोबत मनिलाचं सान आगुस्तिन चर्च पाहायला हवं. तोच ऑगस्टिनियन पंथ, तोच संत, तीच हलणारी जमीन, आणि उत्तर अगदी उलटं.

मनिलाच्या इंत्रामुरोस या तटबंदीच्या शहरात १५७१ मध्ये बांबू आणि निपाच्या झावळ्यांचं पहिलं चर्च उभं राहिलं. १५७४ मध्ये लिमाहोंग या चिनी समुद्री चाच्याच्या हल्ल्यात ते जळालं. दुसरं लाकडी होतं. १५८३ मध्ये गव्हर्नर जनरल रोंकिलो दे पेन्यालोसा यांच्या अंत्यविधीच्या वेळी मेणबत्तीची ज्योत पडद्याला लागली आणि तेही गेलं. मग मात्र दगड. हुआन मासियास यांच्या आराखड्यावरून १५८७ मध्ये काम सुरू झालं, १६०७ मध्ये संपलं.

बाहेरून पाहिलं तर इथे पावायसारखे बट्रेस दिसत नाहीत. ते आत आहेत. सभामंडपाच्या दोन्ही बाजूंना छोटी छोटी प्रार्थनादालनं आहेत, आणि दोन दालनांमधली प्रत्येक आडवी भिंत टेकूचं काम करते. तिथे संताची मूर्ती बसवली, कुणाचं थडगं बांधलं, मेणबत्त्या लावल्या, आणि टेकू लपला. अंदाजे १.५ मीटर जाडीच्या भिंती आणि या आडव्या भिंती मिळून वरच्या दगडी कमानीचा रेटा पेलतात. ही कल्पना मला फार देखणी वाटते. पावायने ताकद अंगणात मांडली, मनिलाने तिलाच देवघर केलं.

३ जून १८६३ च्या भूकंपात मनिलाचं मुख्य कॅथेड्रल प्रार्थना चालू असताना कोसळलं. त्यात फिलिपिनो धर्मगुरूंच्या हक्कांसाठी झगडणारे पाद्रे पेद्रो पेलाएझ गेले. सान आगुस्तिन उभं राहिलं. त्याचा कमकुवत दुवा मात्र पावायकरांनी टाळलेलाच होता : चर्चला जोडलेले मनोरे. १८८० च्या भूकंपाने डावा मनोरा तडकवला आणि तो उतरवावा लागला. आज दर्शनी भिंतीला एकच मनोरा आहे.

आतलं छत पाहताना मान दुखते. चेझारे अल्बेरोनी आणि जोव्हान्नी दिबेल्ला या दोन इटालियन चित्रकारांनी १८७५ मध्ये सपाट गिलाव्यावर अशी काही छाया-प्रकाशाची करामत केली आहे की फुलं, चौकटी सगळं कोरलेलंच वाटतं. लाकडी व्यासपीठावर अननसाची नक्षी आहे. दाराशी ग्रॅनाइटचे चिनी सिंह बसले आहेत. स्पेनचा आराखडा, चिनी सिंह, स्थानिक फळ. मनिला हे कसलं बंदर होतं ते इथे एका नजरेत कळतं.

भारतीय वाचकाला इथे अजून एक धागा सापडतो. १७६२ मध्ये इंग्रजांनी मनिला जिंकलं तेव्हा त्यांच्या फौजेत मद्रासहून आणलेले शिपाई होते. त्या वेळी हे चर्च लुटलं गेलं. त्यातले काही शिपाई परत गेलेच नाहीत, मनिलाजवळच्या काइंता गावात स्थायिक झाले.

१८९८ मध्ये अमेरिकनांपुढे शहराच्या शरणागतीच्या अटी याच चर्चच्या सॅक्रिस्टीत, म्हणजे धर्मगुरूंच्या तयारीच्या खोलीत, लिहिल्या गेल्या. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत जपानी सैन्याने शेकडो रहिवाशांना इथे कोंडून ठेवलं होतं. लढाई संपली तेव्हा इंत्रामुरोसमधल्या सात चर्चपैकी हे एकच उभं होतं. शेजारच्या मठाचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. नंतर तो पुन्हा बांधून तिथे संग्रहालय केलं गेलं.

१९९३ मध्ये युनेस्कोने ही दोन्ही चर्च, सांता मारिया आणि मियागाव या आणखी दोन चर्चसह, जागतिक वारशाच्या यादीत घेतली. नाव मिळालं की पर्यटक येतात, निधी येतो, आणि दुरुस्तीची घाईही येते. मला भीती वाटते ती सिमेंटची. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की आतली ओल बाहेर पडू शकत नाही, क्षार आतच साठतात आणि प्रवाळाचा दगड भुगा होऊन सुटू लागतो. भिंत वरून गुळगुळीत दिसते आणि आतून पोखरली जाते. अशा इमारतींना चुनाच लागतो, आणि तो भिजवून मुरवायला वेळ द्यावा लागतो.

पावायला गेलात तर बट्रेसची ती देखणी वळणं पाहून झाल्यावर एखाद्या बट्रेसच्या मागच्या कोनात शिरा, जिथे तो मुख्य भिंतीला मिळतो. सांध्यातला मसाला बोटाने न खरवडता नुसता नीट पाहा. भिंत आणि टेकू एकमेकांपासून सुटत असतील तर पहिली भेग तिथेच दिसेल.