बेणारेबाईंचे बोट आणि दाराची कडी

कोकणात उत्सवाच्या नाटकात बाईची भूमिका बाईने करणे ही फार जुनी गोष्ट नव्हे. दशावतारात लुगडे परंपरेने पुरुषच नेसत आले आहेत, आणि सामाजिक नाटकासाठी मानधन देऊन बाहेरगावाहून नटी आणण्याची रीत माझ्या लहानपणीही चालू होती; गावातल्या सुनेने तोंडाला रंग लावणे घरच्यांना रुचत नसे. यंदा रत्नागिरीजवळच्या आमच्या मंडळाने विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बसवायला घेतले, तेव्हा नायिका लीला बेणारे करायला गावातल्याच तिघी पुढे आल्या. मिसेस काशीकर मात्र कुणालाच नको होती, म्हणून ती माझ्या वाट्याला आली.

१९६७ साली सुलभा देशपांडे यांनी उभी केलेली बेणारे सर्वांना आठवते ती अखेरच्या स्वगतामुळे. तालमी करताना मला मात्र या नाटकाचा ताण दाराच्या कडीत दिसू लागला. अगदी सुरुवातीला बेणारेबाईंचे बोट त्या कडीत चिमटते आणि प्रेक्षक हसून ते विसरतात. पुढे नाटकातल्या मंडळींनी खेळ म्हणून मांडलेला लटका खटला तिच्या खऱ्या आयुष्यावर घसरतो आणि ती निघून जाऊ पाहते, तेव्हा तीच कडी बाहेरून लागलेली असते. लटक्या कोर्टाने तिच्यावर ठेवलेला आरोप भ्रूणहत्येचा, आणि शेवटी तेच कोर्ट तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावते. या विसंगतीवर नाटकातले कुणीही बोट ठेवत नाही, आणि म्हणूनच ती अधिक झोंबते.

मिसेस काशीकरला नवरा चारचौघांत गप्प बसवतो. तिला तोंड उघडायला मिळते ते बेणारेच्या लग्न न करण्याबद्दल साक्ष देताना. स्वतःच्या पायांवर उभी असलेली मिळवती बाई तिच्या डोळ्यांत का सलते, हे समजून न घेता ही भूमिका खलनायिकेसारखी केली, तर नाटकाचा निम्मा ताण वाया जातो, असे माझे मत आहे. बेणारेला आरोपीच्या पिंजऱ्यात ओढताना म्हणूनच मी आवाज चढवला नाही. घरातल्या मुलीला शिस्त लावावी तसा तिचा दंड धरला.

प्रयोगाच्या रात्री नेमक्या त्याच जागी टाळी पडली, आणि ती बायका बसल्या होत्या त्या बाजूने आली.