विगन २०१२-१३ ची वही: लीगचं पान पूर्ण, कपचं पान पूर्ण, आणि जुना वाद

तर मंडळी, इंग्लिश फुटबॉल क्लब विगन अ‍ॅथलेटिकच्या २०१२-१३ सीझनची वही एकदाची भरून झाली, लीगच्या ३८ मॅचेस निळ्या पेनाने, एफए कपच्या (हरलं की बाहेर अशी वेगळी स्पर्धा) ७ लाल पेनाने आणि तशाच लीग कपच्या ३ पेन्सिलने. प्रत्येक मॅचपुढे स्कोअर, गोल करणारे, आणि उजव्या बाजूच्या कॉलममध्ये त्या दिवसापर्यंतचे एकूण पॉइंट. मागच्या अपडेटमध्ये डिसेंबरपर्यंत पोचलो होतो, आता मेपर्यंतचं सगळं बसलंय आणि ग्राफ पेपरवर पॉइंटची रेघ पण काढून झालीये.

ज्यांनी हा सीझन फॉलो केला नव्हता त्यांच्यासाठी थोडक्यात. ११ मे २०१३ ला वेम्ब्लीवर विगनने मँचेस्टर सिटीला १-० हरवून एफए कप जिंकला, आणि तीनच दिवसांनी, १४ मे ला, आर्सेनलकडे ४-१ हरून प्रीमियर लीगमधून (इंग्लंडची सगळ्यात वरची लीग, २० पैकी शेवटच्या तीन टीम खालच्या डिव्हिजनला जातात) खाली गेले. एकाच सीझनमध्ये एफए कप जिंकणारी आणि रेलिगेट होणारी ही पहिलीच टीम. आणि तेव्हापासून जो तो एकच म्हणतो, कपाच्या नादात लीग गेली. मला हे कधीच पटलं नव्हतं, आणि आता सगळी पानं समोर असल्यामुळे का पटत नाही ते नीट सांगता येतंय.

आधी लीग. सुरुवातच चेल्सीकडून घरी ०-२, दहा मिनिटं व्हायच्या आत दोन्ही गोल. मग साउदम्प्टनला जाऊन २-०, नोव्हेंबरच्या सुरुवातीला टॉटनहॅमला त्यांच्याच घरी १-० (गोल बेन वॉटसनचा, हे नाव लक्षात ठेवा), पण मधेमधे इतके पराभव की २० मॅचेस संपल्या तेव्हा खात्यात फक्त १८ पॉइंट. २८ मॅचेसनंतर २४. त्यात २ मार्चला लिव्हरपूलने डीडब्ल्यू स्टेडियमवर येऊन ४ गोल ठोकले, तिथे माझ्या ग्राफची रेघ अगदी आडवी पडलीये.

आता इथे बघा. कपचा खरा जोर सुरू झाला ९ मार्चला, गुडिसन पार्कवर एव्हर्टनविरुद्ध ३-०, फिगेरोआ, मॅकमॅनमन आणि जॉर्डी गोमेझ, तिन्ही गोल चार-पाच मिनिटांत, एव्हर्टनच्या घरच्या प्रेक्षकांसमोर. त्याच्यानंतर लीगच्या १० मॅचेस राहिल्या होत्या, त्यात विगनने १२ पॉइंट घेतले. आधीच्या २८ मध्ये २४, म्हणजे मॅचमागे ०.८६, आणि नंतरच्या १० मध्ये मॅचमागे १.२. म्हणजे कप रंगात आला तेव्हा लीग सुधारली, बिघडली नाही. हाच वेग पूर्ण सीझन राहिला असता तर पंचेचाळीसच्या आसपास पॉइंट झाले असते आणि मे महिना आरामात गेला असता.

आणि हे नुसतं आकड्यांचं नाहीये, माणसं पण तीच आहेत. कॅलम मॅकमॅनमन घ्या. हा पोरगा सीझनच्या पहिल्या भागात लीगच्या टीममध्ये फारसा नव्हताच, मॅनेजर मार्टिनेझ त्याला कपमध्ये खेळवत राहिला, हडर्सफील्डला ४-१ हरवलं त्यात त्याचा गोल, एव्हर्टनविरुद्ध गोल, सेमी फायनलला मिलवॉलविरुद्ध गोल, आणि मग एप्रिल-मेमध्ये तोच पोरगा लीगमध्ये टॉटनहॅमविरुद्ध २-२ मध्ये गोल करतो, वेस्ट ब्रॉमला जाऊन ३-२ चा विनिंग गोल करतो. ते पॉइंट कपनेच मिळवून दिले असं मी म्हणेन. फायनलमध्ये तर त्याने सिटीच्या डाव्या बाजूला अक्षरशः पळवून पळवून दमवलं, मॅन ऑफ द मॅच तोच, आणि ८४ व्या मिनिटाला सिटीच्या झबालेटाला दुसरं यलो मिळून बाहेर जावं लागलं ते पण याच्यावरच्या फाउलमुळे.

मग लीग गेली कुठे? माझ्या वहीत दोन पानांवर लाल चौकट केलीये आणि दोन्ही संडरलँडची आहेत. २९ सप्टेंबर २०१२, संडरलँडला ०-१, गोमेझला रेड कार्ड. १९ जानेवारी २०१३, घरी, सुरुवातीलाच लीड घेऊन मग २-३. शेवटचं टेबल बघा, १७ व्या नंबरवर संडरलँड ३९ पॉइंट, १८ वर विगन ३६. विजयाचे ३ पॉइंट, म्हणजे या दोनपैकी एक जरी मॅच विगनने जिंकली असती तर विगन ३९ आणि संडरलँड ३६, सगळं उलटं झालं असतं. सप्टेंबरच्या मॅचचा तर एफए कपशी काही संबंधच नाही, विगनचा कप जानेवारीत सुरू झाला. जानेवारीच्या मॅचचं मात्र प्रामाणिकपणे नोंदवतो, तिच्या चार दिवस आधी बोर्नमथला रिप्ले, म्हणजे बरोबरी झाली म्हणून पुन्हा मॅच, खेळावा लागला होता (घरी १-१, तिकडे १-०), पण कपच्या सुरुवातीच्या राउंड्सना मार्टिनेझने बरीच टीम बदलली होती, त्यामुळे थकव्याचं कारण मला फार वजनदार वाटत नाही.

दुसरं कारण डिफेन्स. ३८ मॅचेसमध्ये ७३ गोल खाल्ले, रेडिंगनेही ७३ च, त्याहून जास्त कुणीच नाही, शेवटच्या नंबरवर आलेल्या क्यूपीआरने सुद्धा ६० च खाल्ले होते. आणि हीच टीम कपच्या ७ मॅचेसमध्ये फक्त २ गोल खाते! हा आकडा लिहिल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून मोजला, बोर्नमथचा एक, हडर्सफील्डचा एक, बस. मॅकल्सफील्ड, एव्हर्टन, मिलवॉल, सिटी, सगळ्यांना शून्य. आता कोणी म्हणेल की त्यात प्रीमियर लीगच्या टीम दोनच होत्या, एव्हर्टन आणि सिटी, बरोबर आहे, पण त्या दोघींविरुद्ध मिळून शून्य गोल खाल्लेत हे पण बघा ना. घरच्या मैदानावर लीगमध्ये १९ पैकी ४ च विजय, वेस्ट हॅम, रेडिंग, न्यूकॅसल, नॉरिच. एवढ्यावर कोण टिकणार.

कपने खरंच नुकसान केलं असेल तर ते मेच्या त्या दोन आठवड्यांत. ४ मे वेस्ट ब्रॉम, ७ मे स्वान्सी, ११ मे फायनल, १४ मे आर्सेनल, १९ मे अ‍ॅस्टन व्हिला. स्वान्सीविरुद्ध घरी दोनदा लीड घेऊन २-३ हरले, हातातोंडाशी आलेला घास गेला, ती मॅच मला अजूनही फायनलपेक्षा जास्त आठवते. आर्सेनलला पण हाफटाइमच्या आधी विगनच्या मलोनीने फ्री किकवर १-१ केलं होतं, दुसऱ्या हाफमध्ये पाय उचलेनात. हे मान्य. पण ३५ पॉइंटवर, दोनच मॅच बाकी असताना जगण्यासाठी धडपडायची वेळ आली ती शरद ऋतूतल्या पॉइंट गळतीने आली, वेम्ब्लीमुळे नाही.

फायनलचं पान सगळ्यात मोठं झालंय, त्याला इलाज नाही. बेन वॉटसनचा पाय नोव्हेंबरमध्ये अ‍ॅनफील्डवर मोडला होता, जवळजवळ सगळा सीझन गेला, आणि फायनलला ८१ व्या मिनिटाला तो गोमेझच्या जागी आला, ९१ व्या मिनिटाला मलोनीचा कॉर्नर, वॉटसनचं हेडर, १-०. आपल्याकडे रात्री पावणेदहाला सुरू झालेली मॅच, तेव्हा जे जागे होते त्यांना तो आवाज आठवत असेल. आणि त्या दिवशी टीमला मैदानावर घेऊन आलेले चेअरमन डेव्ह व्हेलन, ते स्वतः १९६० च्या एफए कप फायनलमध्ये ब्लॅकबर्नकडून खेळताना पाय मोडून बाहेर गेले होते, तेव्हा सब्स्टिट्यूट नसायचे त्यामुळे ब्लॅकबर्न दहा जणांवर खेळलं आणि वुल्व्ह्जकडून ०-३ हरलं. त्याच फायनलमध्ये ५३ वर्षांनी त्यांच्या क्लबला कप मिळवून देणारा पाय मोडून परत आलेला माणूस. मी या दोन नोंदी एकाच पानावर समोरासमोर लिहिल्यात.

लीग कपचं पेन्सिलवालं पान छोटंच आहे. नॉटिंगहॅम फॉरेस्टला ४-१, वेस्ट हॅमला ४-१, दोन्ही बाहेर जाऊन, आणि मग घरी ब्रॅडफर्ड सिटीकडून पेनल्टीवर बाहेर. तेव्हा ती लाज वाटली होती, पण चौथ्या डिव्हिजनचं ते ब्रॅडफर्ड पुढे आर्सेनल आणि अ‍ॅस्टन व्हिलाला पण बाहेर काढून थेट फायनलला गेलं, त्यामुळे त्या नोंदीला आता वेगळी किंमत आहे.

बाकी काय राहिलंय ते सांगतो. फायनलमधल्या अकरा जणांची प्रत्येकाची लीगमधली हजेरी अजून भरायचीये, विशेषतः जानेवारीत लोनवर परत आलेला पॉल शार्नर आणि गोलमध्ये अल-हब्सीच्या जागी आलेला जोएल, कारण डिफेन्स नक्की कुठल्या मॅचपासून सुधारला ते त्याशिवाय कळणार नाही. पुढची वही बर्मिंगहॅम सिटी २०१०-११ ची घेतोय, लीग कप जिंकला, आर्सेनलला २-१, आणि ३९ पॉइंट असून १८ व्या नंबरवर खाली. तिथेही हीच पद्धत लावणार, फायनलच्या आधीचे मॅचमागे पॉइंट आणि नंतरचे. माझा अंदाज आहे की तिथे उत्तर विगनच्या बरोब्बर उलटं येईल. कोणाकडे त्या सीझनच्या मॅचवार नोंदी आधीच लिहिलेल्या असतील तर सांगा, फेब्रुवारीपासून पुढची पानं ताडून बघायला लागतील.