मार्थाचं काय चुकलं

झोप येत नाहीये. भीती वाटतेय असं नाही, भीती असती तर दिवा लावून पडले असते, विषय संपला असता. हे दुसरंच काहीतरी आहे. 'डीसी हाऊस ऑफ हॉरर' वाचायला घेतलं, 2017 चा भयकथांच्या कॉमिक्सचा संग्रह आहे, आणि त्यातल्या पहिल्याच गोष्टीत अडकले. आभाळातून पडलेलं रॉकेट, आत पोर, सुपरमॅनचं 1938 पासून सगळ्यांना पाठ असलेलं, फक्त इथे ते पोर मार्थाच्याच, म्हणजे एरवी त्याला वाढवणाऱ्या आईच्याच, जिवावर उठतं. बास, एवढीच गोष्ट.

रक्ताबिक्ताचं मला काही नाही, दादाच्या कृपेने त्याची सवय आहे. पण मार्थाने काय वाकडं केलं होतं? आपण आयुष्यभर धरून चाललो की सुपरमॅन चांगला निघाला तो केंट नवराबायकोमुळे, त्यांनी जीव लावला म्हणून. आणि समोर आलेलं पोरच तसलं असेल तर? मग जीव लावून काय उपयोग, सगळा नशिबाचाच खेळ की. मी पण केलंच ना सगळं, रात्री-अपरात्री उठून, स्वतःचं बाजूला ठेवून, आणि शेवटी ऐकून काय घेतलं तर... जाऊ दे. ते इथे लिहायचं नाही असं ठरवलंय.

तरी मार्थाचं काय चुकलं हे डोक्यातून जात नाही.

दादा म्हणतो एवढं मनाला लावून घेऊ नकोस, हा सगळा जुन्या बंदीचा सूड आहे. 1954 च्या कॉमिक्स कोडने, म्हणजे कॉमिक्सवाल्यांनी स्वतःलाच घालून घेतलेल्या नियमांनी, भुतंखेतं हाकलली, 1971 मध्ये ड्रॅक्युला आणि वेअरवुल्फला परत घेतलं पण झॉम्बींना नाही, कारण त्यांच्यामागे थोर साहित्याची परंपरा नव्हती म्हणे! भुतांमध्येसुद्धा खानदान बघतात. हसले मी, पण तेवढ्यापुरतंच.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं ते 'मार्व्हल झॉम्बीज' आठवून, तेही विचित्रच. त्या कॉमिक्समध्ये सुपरहीरोच झॉम्बी झालेले असतात, स्पायडरमॅन मे आंटी आणि बायको मेरी जेनला खाऊन बसलेला असतो, आणि पोट भरलं की रडतो, मनापासून रडतो हं, नाटक नाही, आणि परत भूक लागली की निघाला सगळ्यांबरोबर. 2005 ला आलं तेव्हा मला ते नुसतं किळसवाणं वाटलं होतं. आता वाटतं ज्याने लिहिलं त्याला माणसं बरोबर कळलीत. मला पण सॉरीचे मेसेज येतात ते साधारण जेवणानंतरच.

म्हणजे मार्थाचं काही चुकलं नाही, तिच्या वाट्याला रडणारासुद्धा आला नाही इतकंच. माझ्या वाट्याला निदान तो तरी आहे, त्यात आनंद मानायचा का ते मला माहीत नाही.

संग्रहातल्या बाकीच्या गोष्टी राहिल्यात. दादाने विचारलं तर सांगणार आहे की चित्रं छान आहेत.